खिशात सॉर्बिट्रेट, कपाटात ती गोळी

वाचकाचं पत्र (थोडं कापून, नाव-गाव वगळून):

"माझं वय ५८. मधुमेहाला अकरा वर्षं झाली. चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. त्यानंतर छातीत कधी दुखलेलं नाही, रोज सकाळी चालतो. टेल्मिसार्टन ४०, मेटोप्रोलॉल २५, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल, रोसुव्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि प्रोस्टेटसाठी रात्री जेवणानंतर टॅम्सुलोसिन चालू आहे. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात असते, अजून घ्यायची वेळ आली नाही. गेली दोन वर्षं लिंगाला ताठरता नीट येत नाही. मित्राने त्यासाठीच्या सिल्डेनाफिलची (व्हायाग्रातलं औषध) १०० ची चार गोळ्यांची पट्टी दिली. त्याचं बायपास झालंय, तो बिनधास्त घेतो. मी अर्धी घेतली. मटणाचं जेवण आणि दोन पेग झाले होते. उपयोग शून्य. उलट तासाभराने बाथरूमला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, दारातच बसलो. बायको घाबरून सॉर्बिट्रेट शोधायला लागली. मी 'पित्त झालंय' म्हणून वेळ मारून नेली. ही गोळी मला चालेल का? डॉक्टरांना कसं विचारू? बायको शेजारीच बसलेली असते. सवय लागते का? साडेतीन गोळ्या उरल्यात, त्यांचं काय करू?"

नमस्कार.

त्या रात्री सगळ्यात मोठा धोका कुठे होता, तर तुमच्या पत्नीच्या हातात. स्टेंट बसवलेला नवरा अंधारी येऊन दारात बसलाय म्हटल्यावर कोणतीही बाई जिभेखालची गोळीच शोधणार. तिला दवाखान्यात तेच शिकवलेलं असतं. ती गोळी तुमच्या जिभेखाली गेली असती, तर आज हे पत्र लिहायला तुम्ही असतात की नाही, शंका आहे. म्हणून आधी हे नीट समजून घ्या. डोस आणि वेळ हे सगळं त्यानंतरचं.

लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यामुळे पेशींमध्ये सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं, वाहिन्यांचे स्नायू सैलावतात आणि रक्त भरतं. काम झालं की पीडीई-५ नावाचं एन्झाइम हे रसायन मोडून टाकतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल या सगळ्या गोळ्या त्या एन्झाइमला अडवून धरतात. आता सॉर्बिट्रेट काय करते? तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते, फक्त सगळीकडे आणि भरपूर. म्हणजे सॉर्बिट्रेटने नळ पूर्ण सोडायचा आणि या गोळीने मोरीला बोळा लावायचा. अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयाच्या ज्या रोहिण्या आधीच अरुंद आहेत त्यांच्यात रक्त ढकलायला दाबच उरत नाही. छातीत दुखलं म्हणून घेतलेली गोळीच मग हार्ट अटॅकला कारण ठरू शकते.

गंमत अशी की सिल्डेनाफिल मुळात हृदयासाठीच शोधलं जात होतं. इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या फायझरच्या प्रयोगशाळेत ते अंजायनावरचं (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्यावरचं) औषध म्हणून तपासत होते. तिथे ते फारसं चाललं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ते या नव्या कामासाठी मंजूर झालं. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराड यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. हृदयरुग्णाने ही गोळी घेऊच नये असा समज सरसकट खरा नाही. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट जातीच्या औषधांबरोबर घेऊ नये, हे मात्र सरसकट खरं आहे. त्याला अपवाद नाही.

नायट्रेट म्हणजे फक्त सॉर्बिट्रेट नव्हे. फाइल काढा आणि ही नावं शोधा: आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट (सॉर्बिट्रेट, आयसोर्डिल), आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट (मोनोट्रेट, इस्मो), नायट्रोग्लिसरीन (नायट्रोकॉन्टिन, अँजिस्पॅन टीआर, जिभेखाली मारायचा स्प्रे, छातीला चिकटवायचा पॅच). निकोरँडिल (निकोरान, कोरँडिल) हे नाव ऐकून नायट्रेट वाटत नाही, पण तेही त्याच जातीचं काम करतं आणि तेही वर्ज्यच. मूळव्याध-फिशरसाठी गुदद्वाराला लावायला दिलेल्या काही मलमांत नायट्रोग्लिसरीन असतं. लोक मलमाला औषध समजत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सांगत नाहीत, पण ते रक्तात जातं. पार्ट्यांमध्ये हुंगायचे 'पॉपर्स' म्हणजे अमाइल नायट्राइट, तेही यातच. फुप्फुसातल्या रक्तदाबासाठीचं रिओसिग्वाट वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचतं, म्हणून तेही चालत नाही.

मधे किती वेळ जायला हवा? सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही. किडनी किंवा यकृत कमजोर असेल, तर औषध याहून जास्त रेंगाळतं.

आता त्या रात्रीकडे परत येऊ. तुमच्या पत्रातच सगळं उत्तर आहे.

अंधारी कशाने आली? ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल एकटं घेतलं तरी वरचा रक्तदाब सरासरी आठेक अंकांनी उतरवतं. निरोगी माणसाला ते कळतही नाही. पण तुमची टॅम्सुलोसिन ही अल्फा-ब्लॉकर आहे. प्रोस्टेटभोवतीचे स्नायू सैलावताना ती थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही सैलावते. तीच तुम्ही जेवणानंतर घेतली होती. वर टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल आणि दोन पेग, आणि मद्यानेही वाहिन्या फुगतातच. शिवाय अकरा वर्षांच्या मधुमेहात उभं राहताना रक्तदाब सावरणाऱ्या नसा बऱ्याचदा मंदावलेल्या असतात. पडल्या पडल्या सगळं ठीक वाटत होतं. उठलात, रक्त पायांकडे गेलं आणि ते वर ढकलणारं कुणीच जागेवर नव्हतं. पित्ताचा यात काही संबंध नाही. पण अशा वेळी एक दुसरी शंकाही घ्यायला हवी. ग्लिमेपिराइडने शुगर उतरली की घाम, थरथर आणि भोवळ अशीच येते, आणि मद्य त्याला हातभार लावतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर भोवळ आल्यावर आधी बोटाला टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर.

आणि उपयोग का झाला नाही? तेलकट-तुपकट जेवणावर घेतलं तर सिल्डेनाफिल तासभर उशिरा चढतं आणि कमी चढतं. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर घेतलेल्या गोळीने अर्ध्या-पाऊण तासात काम करावं ही अपेक्षाच चुकीची. त्यात मद्याने स्वतःच ताठरता मंदावते. शिवाय ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना नसेल तर ती गप्प बसते. मनात धाकधूक आणि शेजारी काही कळू नये म्हणून जपणं, या अवस्थेत उत्तेजना कुठून येणार? एका फसलेल्या रात्रीवरून 'आपल्याला लागू पडत नाही' असं ठरवू नका. योग्य डोस, रिकामं पोट आणि पुरेसा वेळ एवढं जमवून सहा-आठ वेळा प्रयत्न झाल्याशिवाय डॉक्टर औषध निकामी ठरवत नाहीत.

मग तुम्हाला चालेल का? तुमच्यासारख्या रुग्णांसाठी हृदयरोगतज्ज्ञ १९९९ पासून प्रिन्स्टन परिषदेच्या (हृदयरोग आणि लैंगिक संबंध यांवरची तज्ज्ञांची परिषद) मार्गदर्शनातली विभागणी वापरतात: कमी धोक्याचे, मधले आणि जास्त धोक्याचे. यशस्वी अँजिओप्लास्टी झालेली, छातीत दुखत नाही, रक्तदाब आटोक्यात, अशा माणसाला सहसा कमी धोक्यात धरतात. कागदावर तुम्ही तिथे बसता. पण कागदावरच. कारण पत्रात तीन गोष्टी नाहीत.

पहिली, स्टेंट हार्ट अटॅक आल्यावर घातला की आधीच पकडला? अटॅक, पक्षाघात किंवा जिवावर बेतणारी हृदयाची अनियमित लय गेल्या सहा महिन्यांत असेल तर सिल्डेनाफिल देत नाहीत. तुमचे चौदा महिने झालेत, म्हणजे ती मुदत टळली. दुसरी, हृदयाचं पंपिंग किती आहे? टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट फाइलमध्ये असेल. हार्ट फेल्युअर असेल, किंवा महाधमनीची झडप बरीच अरुंद झाली असेल, तर हिशोब पूर्ण बदलतो. तिसरी, झेपतं किती? संभोगाला लागणारा जोर साधारण ३ ते ४ मेट्स (श्रम मोजायचं एकक), म्हणजे सपाट रस्त्यावर १.६ किलोमीटर २० मिनिटांत चालण्याइतका. तुम्ही रोज चालता, तेव्हा उद्या घड्याळ लावून चाला. छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आणि बोलता येणार नाही इतका दम यातलं काही न होता ते जमलं तर चांगलं चिन्ह. शंका असेल तर ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत (पट्ट्याचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवतात ती) चार मिनिटं विनातक्रार पार पडली की डॉक्टर बहुधा हिरवा कंदील दाखवतात. (जिन्याचीही एक कसोटी आहे, वीसेक पायऱ्या दहा सेकंदांत. पण ती ५८ व्या वर्षी एकट्याने, कुणाला न सांगता करायची गोष्ट नाही.)

एक तपासणी मात्र घरीच आणि याच आठवड्यात करा. कारण त्या रात्री जे झालं ते इथेच सापडेल. संध्याकाळी, टॅम्सुलोसिनच्या आधी आणि परत दोन-तीन तासांनी: पाच मिनिटं आडवे पडा, बीपी घ्या, मग उभे राहा आणि उभ्यानेच एका मिनिटाने व तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी हे आकडे डॉक्टरांना दाखवा. तसंच बसलेल्या स्थितीत बीपी ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, तर ही औषधं नकोत.

खिशातली सॉर्बिट्रेट हा तुमच्या बाबतीतला खरा तिढा आहे. डिस्चार्जच्या वेळी ती बहुतेकांना दिली जाते. अनेकजण ती वर्षानुवर्षं तावीज असल्यासारखी बाळगतात. तुम्ही चौदा महिन्यांत एकदाही घेतलेली नाही, ही तुमची जमेची बाजू. महिन्यातून एकदा जरी लागत असती, तर त्याचा अर्थ अंजायना चालू आहे आणि ताठरतेचा विषय नंतरचा, असा झाला असता. डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा: 'मी ही गोळी कधी वापरली नाही. ताठरतेचं औषध सुरू केलं, तर सॉर्बिट्रेट बंद करायची का? आणि छातीत दुखलं तर तिच्याऐवजी काय करायचं?' अंजायना असला तरी नायट्रेट नसलेली औषधं उपलब्ध आहेत: बीटा-ब्लॉकर (तुमची मेटोप्रोलॉल त्यातलीच), ॲम्लोडिपिन, रॅनोलाझिन, ट्रायमेटाझिडिन. अदलाबदल त्यांनीच करायची. मोनोट्रेटसारखी रोजची गोळी 'आज रात्रीपुरती' सोडणं आणि मग सिल्डेनाफिल घेणं हा मधला मार्ग नव्हेच. नायट्रेट अंगात असतंच आणि थांबवल्याने अंजायना उसळतो. मेटोप्रोलॉलनेही ताठरता कमी होते असं तुमच्या वाचनात येईल. काहींच्या बाबतीत थोडंफार खरंही आहे, पण ते एकदम बंद केलं तर हृदय भडकतं. तक्रार असेल तर नेबिव्होलॉलसारखा पर्याय चालेल का, ते विचारा.

डॉक्टर 'हो' म्हणाले तर सुरुवात बहुधा २५ मिलिग्रॅम सिल्डेनाफिलने होईल. नेहमीची सुरुवात ५० ची असते. पण अल्फा-ब्लॉकर चालू असलेले, ६५ च्या पुढचे, यकृत बिघडलेले किंवा किडनीचं काम (रिपोर्टमधला क्रिएटिनिन क्लिअरन्स) ३० च्या खाली गेलेले, यांची सुरुवात २५ पासून. १०० हा वरचा टोकाचा डोस. तुमच्या मित्राने तुम्हाला थेट शेवटची पायरी दिली. टॅम्सुलोसिनचा डोस कायम बसलेला हवा, नुकती सुरू झालेली किंवा वाढवलेली नको. दोन्ही गोळ्या एकाच वेळी चढू नयेत म्हणून टॅम्सुलोसिन रात्रीऐवजी सकाळच्या न्याहारीनंतर घेतली तर चालेल का, हेही विचारून घ्या. गोळी तासभर आधी, हलक्या जेवणावर किंवा जेवणानंतर दोनेक तासांनी घ्यावी. परिणाम साधारण चार तास. चोवीस तासांत एकदाच. 'चढली नाही' म्हणून दुसरी घेणं हाच बऱ्याच अपघातांचा आरंभ असतो. पहिल्या एक-दोन वेळा मद्य अजिबात नको, आणि अंथरुणातून उठताना आधी कडेला बसून पाय खाली सोडा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा.

टाडालाफिलचं काय? ते ३६ तास टिकतं, जेवणाने अडत नाही आणि रोजच्या ५ मिलिग्रॅमने प्रोस्टेटची लघवीची तक्रारही कमी होते, म्हणून अनेकांना सोयीचं पडतं. पण तुमच्यासारख्याच्या बाबतीत आमचा कल सिल्डेनाफिलकडे आहे. उद्या छातीत दुखलंच तर सिल्डेनाफिलने नायट्रेटचं दार एक दिवस बंद असतं, टाडालाफिलने दोन दिवस, आणि रोज घेतलं तर कायमच. शिवाय टॅम्सुलोसिनवर रोजचं टाडालाफिल म्हणजे रोजचाच दुहेरी ताण.

मेडिकलमध्ये एक जोडगोळी सर्रास मिळते: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलमध्ये डॅपॉक्सेटिन घातलेली. शीघ्रपतनासाठी म्हणून ती खपते. पट्टीवर 'प्लस', 'एक्स्ट्रा' असलं काही लिहिलेलं असतं. तुम्ही ती घेऊ नका. डॅपॉक्सेटिनने उभं राहताना शुद्ध हरपू शकते. इस्केमिक हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा हृदयाच्या विद्युतवहनात दोष असेल तर ते वर्ज्यच आहे. मित्राची पट्टी साध्या सिल्डेनाफिलची आहे की जोडगोळीची, तेही एकदा वाचून बघा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार घडते. गजकर्ण-नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी महिना-दोन महिने इट्राकोनॅझोल दिलेलं असतं. यकृतात सिल्डेनाफिल मोडणारी यंत्रणा ते अडवतं, त्यामुळे २५ ची गोळी अंगात कितीतरी मोठ्या डोससारखी वागते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोलचंही तेच. एचआयव्हीसाठी रिटोनाव्हिर चालू असेल तर ४८ तासांत २५ पेक्षा जास्त सिल्डेनाफिल नाही. उलट टीबीचं रिफाम्पिसिन औषध भराभर जाळून टाकतं. कुठलीही नवी गोळी सुरू झाली की 'मी हे घेतो' एवढं सांगायचं.

'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' या कॅप्सुलांचं तर विचारूच नका. त्या तासाभरात 'काम करत' असतील तर शंका आणखी वाढवा. जडीबुटी इतक्या लवकर असर करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या अशा 'नैसर्गिक' कॅप्सुलांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल वारंवार सापडलं आहे. तुम्हाला वाटतं आपण काही घेतलंच नाही, आणि वर सॉर्बिट्रेट पडते. सिल्डेनाफिल आपल्याकडे शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. चिठ्ठी घेऊन जा, पूर्ण पट्टी घ्या. केमिस्टने कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या की नाव पलीकडच्या तुकड्यावर राहतं, आणि अडचणीच्या वेळी घरच्यांच्या हाती येतो तो नुसता चंदेरी कागद.

आता काही झालंच तर. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर लगेच थांबा, मागे टेकून बसा, १०८ ला फोन. पहिलं वाक्य हेच सांगायचं: 'अमुक वाजता सिल्डेनाफिल २५ घेतलंय, नायट्रेट देऊ नका.' सॉर्बिट्रेट नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर साधी ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खा, त्याचा या गोळीशी झगडा नाही. रुग्णालयात नायट्रेट सोडून बाकी सगळे उपचार करता येतात, फक्त त्यांना माहीत हवं. भोवळ आली तर खुर्चीत बसवू नये. आडवं करून पाय उशीवर उंच ठेवावेत. चुकून सॉर्बिट्रेट घेतली गेलीच तर तसंच आडवं ठेवून १०८. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर ती अभिमानाची बाब नव्हे. रक्त आत साकळतं, पेशी मरतात आणि कायमचं नुकसान होतं. तडक इमर्जन्सी गाठायची. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून तो जिथे जास्त आढळतो त्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. बाकी डोकेदुखी, चेहरा तापणं, नाक चोंदणं, आंबट ढेकर, थोडं निळसर दिसणं हे होतं आणि जातं.

वर सांगितलेल्या यादीतला प्रत्येक उपाय एका गोष्टीवर अडतो: घरात दुसऱ्या माणसाला माहीत असणं. बेशुद्ध माणूस 'नायट्रेट नको' असं सांगू शकत नाही. तुम्ही पत्नीपासून जे लपवताय ते तिला दोन वर्षांपासून दिसतंच आहे. तिला माहीत नाही ती फक्त गोळी. सगळं उलगडून बोलायला जड जात असेल तर एवढंच सांगा: 'डॉक्टरांनी एक औषध दिलंय. ते घेतल्यावर एक दिवस सॉर्बिट्रेट द्यायची नाही, नाहीतर बीपी कोसळेल.' आणि पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: 'मी सिल्डेनाफिल २५ घेतो. शेवटची गोळी: तारीख __, वेळ __. त्यापुढे २४ तास सॉर्बिट्रेट / नायट्रोग्लिसरीन / निकोरँडिल देऊ नये. स्टेंट: महिना, वर्ष.' प्रत्येक वेळी पेन्सिलीने तारीख बदलायची.

डॉक्टरांकडे तोंडाने विचारणं जमत नसेल तर कागदावर लिहा आणि फाइलमध्ये सगळ्यात वर, ईसीजीच्याही वर ठेवा: 'ताठरतेची अडचण आहे. सिल्डेनाफिल चालेल का?' ते वाचतील आणि बहुधा तेच म्हणतील, 'वहिनी, जरा बाहेर बसता का, ईसीजी काढू.' हा प्रश्न त्यांच्याकडे मधुमेह आणि हृदयाच्या रुग्णांकडून नेहमी येतो. त्यांनी तो स्वतःहून काढायला हवा होता, हेही खरं.

आणि हे विचारणं फक्त गोळीसाठी नाही. तुमची तक्रार दोन वर्षांची, स्टेंट चौदा महिन्यांचा. म्हणजे ताठरता आधी गेली. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. एकच रोग दोन्हीकडे असेल तर बारीक नळी आधी बोलते, बऱ्याचदा दोन ते पाच वर्षं आधी. तुमच्या धाकट्या भावाला मधुमेह असेल आणि तो असलं काही कुजबुजला, तर त्याला गोळी न देता आधी हृदयाची तपासणी करून घ्यायला लावा. तुम्ही स्वतः एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सकाळी ११ च्या आतलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. ते खरंच कमी असेल तर गोळी एकटी पुरत नाही.

समजा नायट्रेट बंद करताच येत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर व्हॅक्यूम पंप आहे. त्याचा रबरी वेढा ३० मिनिटांत काढायचा. तुम्ही ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर असल्याने काळंनिळं पडू शकतं, म्हणून युरॉलॉजिस्टकडून वापरायला शिकून घ्यावा. त्यापुढे लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट. शुगर आटोक्यात नसेल तर इम्प्लांटला जंतुसंसर्गाचा धोका असतो.

सवय लागत नाही. गोळी बंद केली की तुम्ही होतात तिथेच येता, खाली जात नाही. '१०० शिवाय होत नाही' असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा रोग पुढे सरकलेला असतो किंवा मनाने भिती धरलेली असते.

उरलेल्या साडेतीन गोळ्या घेऊ नका आणि मित्रालाही परत करू नका. चुरगाळून, ओल्या चहाच्या चोथ्यात मिसळून कचऱ्यात टाका. आणि त्याला घरी बोलावून, चहा पिता पिता, त्याची बायपासची फाइल एकदा बघायला मागा. सहाव्या-सातव्या ओळीत निकोरँडिल दिसलं, तर त्याला त्याच संध्याकाळी त्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.